घमेलंभर माती

काकूंच्या पाळणाघराला खोल्या दोन आणि पोरं इतकी, की दुपारी झोपेच्या वेळी एकाने कूस बदलली तर ती ओळीतल्या शेवटच्या पोरापर्यंत पोचायची. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणायची. पोरांच्या आया म्हणायच्या, दूधवाला म्हणायचा, एकदा तर त्यांचा नवराही चुकून म्हणून गेला होता आणि मग बरेच दिवस त्याची काही खैर नव्हती. त्यांना काकू न म्हणणारं माणूस एकच, त्यांच्या थोरल्या जाऊबाई. त्या म्हणायच्या ‘धाकटे’, आणि तेही अशा सुरात, की पन्नाशी गाठली तरी काकूंना आपल्या हातून काहीतरी सांडलंय की काय असं वाटायचं.

काकूंची एक खोड होती. त्या सगळ्यांचे आभार मानायच्या. बसमधून उतरताना बसवाल्याचे, पाऊस थांबला तर पावसाचे, पोर मुकाट्याने जेवलं तर पोराचे. “दाराला डोकं आपटलं तरी ही बाई दाराचे आभार मानेल,” असं जाऊबाई चारचौघांत म्हणायच्या. स्वतः जाऊबाईंनी कधी कुणाचे आभार मानल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्या देणाऱ्यांतल्या होत्या. दिलं की झालं, घेण्याची वेळ स्वतःवर येऊच द्यायची नाही, असा त्यांचा खाक्या.

आणि द्यायला त्यांच्याकडे परसबाग होती. घरामागच्या त्या हातभर जागेत त्या काय काय पिकवायच्या! पालक, मुळे, गाजरं, टोमॅटो, वेलावर घेवडा आणि कडेला मोगऱ्याची रांग. जाऊबाईंनी काडी खोचली तरी ती पाला धरते, असं गल्लीत म्हणत. त्यात अतिशयोक्ती असेल, पण फार नसावी. गल्लीत कुणी आजारी पडलं, कुणाकडे पाहुणे आले, की जाऊबाईंची पालेभाजी हजर. पाळणाघरातही रोज सकाळी टोपली यायची. वर कधी कुणाला रोप दिलं, तर नुसतं रोप देत नसत. सोबत आपल्या बागेतली घमेलंभर माती द्यायच्या. “एकदम परक्या मातीत घातलं तर रोप हाय खातं,” त्या म्हणायच्या. “त्याच्या माहेरची माती थोडी सोबत गेली पाहिजे.”

तर गोष्ट सुरू झाली ती घरमालकिणीच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा. नव्या जोडप्याला खोल्या हव्यात, तेव्हा वर्षभरात पाळणाघर हलवा, असं तिने सांगितलं. बाई भली होती, सांगताना तिलाच रडू आलं, आणि काकूंनी उलट तिचीच समजूत काढून, वर्षाची मुदत दिल्याबद्दल तिचे आभार मानले. पण दार लावून घेतल्यावर मात्र त्या हिशेब मांडायला बसल्या. आसपास भाडी परवडण्यापलीकडची. लांब जायचं तर पोरांच्या आया कारखान्यांत, दुकानांत, दवाखान्यांत कामाला. पोर सोडायला लांब जायचं झालं तर कितीजणींना नोकरी सोडावी लागली असती.

गल्लीत मोकळी जागा एकच होती, आणि तिचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे. ती म्हणजे समोरचा बॅटऱ्यांचा कारखाना. एके काळी तिथे शिसं वितळवून पत्रे ओतत. मग मालकाने गाशा गुंडाळला तो कायमचा, आणि मागे राहिले गंजलेले पत्रे, फुटक्या टाक्या आणि करडी, जिच्यावर गवतसुद्धा नीट उगवत नव्हतं अशी जमीन. त्या फाटकासमोरून जाताना आया पोरांचे हात घट्ट धरायच्या. इथली माती विषारी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. भिंतीच्या आत विष, भिंतीच्या बाहेर गल्ली, असा सगळ्यांनी मनोमन हिशेब करून टाकला होता.

सरकारी योजनेची बातमी काकूंच्या नवऱ्याने आणली. तो वायरिंगची कामं करायचा, आणि पालिकेच्या कचेरीतले दिवे दुरुस्त करता करता तिथल्या चार गोष्टी त्याच्या कानावर पडायच्या. म्हणाला, “अगं, पडीक, दूषित जागा साफ करून वापरात आणणाऱ्याला सरकार मदत करतंय. सफाईचा बहुतेक खर्च त्यांचा. भाडं नावापुरतं, घरपट्टी कित्येक वर्षं माफ. समोरची जागाही त्या यादीत आहे.”

“विषाची जागा? पाळणाघराला?”

“साफ करूनच देणार ना! फक्त पोरांसाठी म्हटलं की नियम सगळ्यात कडक. मातीत शिशाचा कण जवळजवळ सापडता कामा नये.”

काकूंना त्या रात्री झोप लागली नाही, आणि सकाळी त्या अर्ज करून मोकळ्या झाल्या. पोरांच्या आयांनी साथ दिली, एका आईने सगळी कागदपत्रं बारकाईने तपासून नीट करून दिली. त्यांच्या पाठोपाठ अर्ज आला एका गोदामवाल्याचा. त्याला काय, वरून काँक्रीट ओतलं की झालं, त्याच्यासाठी माप सैल. पण मुलांच्या कामाला पहिला मान म्हणून जागा काकूंच्या नावावर राखून ठेवली गेली. अट एकच: योजनेचं वर्ष संपायच्या आत माती परीक्षेत उतरली पाहिजे. नाही उतरली, तर जागा गोदामाला.

जाऊबाईंनी ऐकलं आणि नाक मुरडलं. “सरकार फुकट देतंय म्हणून विषही घेणार का, धाकटे? लोकांची लेकरं आहेत ती.”

“साफ करणार आहेत जाऊबाई, तपासूनच देणार आहेत.”

“तपासतील हो! टेबलावर बसून तपासतील.”

पण टेबलावर बसणारा माणूस आलाच नाही. आला तो किडकिडीत, अबोल, गुडघ्यांवर कायम चिखलाचे डाग असलेला एक अधिकारी. त्याच्याकडे लांब दांड्याचा एक चमचा होता, त्याने तो जमिनीतून माती काढून बाटल्यांत भरायचा. आणि पिस्तुलासारखं एक यंत्रही होतं, ते मातीला टेकवलं की पडद्यावर आकडा यायचा. पाळणाघराच्या खिडकीत चढून पोरं त्याला पाहत बसायची. त्यांनी त्याचं नाव चमचेकाका ठेवून टाकलं. त्याला ते कळल्यावर तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी खिडकीखाली येऊन त्याने पोरांना चमचा हातात धरू दिला. काकूंनी अर्थातच आभार मानले.

वर्षभर काम चाललं. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, टाक्या उचलल्या, जमीन खणली, करडी माती झाकलेल्या गाड्यांतून दूर नेली. धूळ उडू नये म्हणून सतत पाणी मारलं जायचं. काकू दुपारी पोरं झोपली की दारात उभं राहून बघायच्या आणि ठेकेदाराच्या माणसांना चहा पाठवायच्या. शेवटी लांबच्या टेकडीवरून तपासलेली, तांबूस, स्वच्छ माती आली आणि सगळ्या जागेवर पसरली गेली. ज्या जागेकडे कुणी मान वर करून पाहत नव्हतं, तिथे आता लोक मुद्दाम थांबून पाहायला लागले.

जाऊबाईसुद्धा आल्या. रोज लांबूनच तोंड वाकडं करणाऱ्या, त्या दिवशी फाटकातून आत शिरल्या. सोबत त्यांची नात होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती आकाराने तेवढीच होती आणि कायम मातीत असायची. पाळणाघरात काकूंचा सगळ्यात जास्त जीव तिच्यात गुंतलेला होता, कारण तिचंच काहीतरी बिनसलेलं असायचं. कधी पोट दुखायचं, कधी उगाच किरकिर, रंग फिकट, आणि शिकवलेलं गाणं इतर पोरं घोकून टाकायची तेव्हा ही कुठेतरी बघत बसायची. जाऊबाई सगळा दोष सुनेच्या लाडांवर आणि गोळ्या-बिस्किटांवर ढकलायच्या.

नव्या मातीची चिमूट जाऊबाईंनी उचलली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. “ही काय माती आहे? चाळलेलं पीठ आहे हे. यात काय उगवणार?”

“उगवेल हळूहळू,” काकू म्हणाल्या.

जाऊबाईंनी हात झटकले. मग इकडे तिकडे बघत म्हणाल्या, “जागा मात्र मोठी आहे गं. ऊनही छान येतंय.” जाऊबाईंच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे दुसऱ्याने हारतुरे घातल्यासारखंच. काकूंना इतकं भरून आलं, की शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी फाटकाची किल्ली मागितली तेव्हा कशाला हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

कशाला ते संध्याकाळी कळलं. भिंतीच्या कडेने, जिथे पोरांची वाळूची जागा होणार होती तिथे, मोगऱ्याची आणि टोमॅटोची रांग उभी होती. पाणी घातलेलं, आळी नीट बांधलेली, खालची जमीन हाताने सारखी केलेली. जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांच्या कोपरापर्यंत काळी माती लागली होती.

“उद्या साहेब येणार ना? उजाड माळ दाखवायचा का त्यांना? जरा घरपण दिसायला नको?”

काकूंच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी जाऊबाईंचे आभार मानले, आणि जाऊबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “पुरे गं, नाटकी.”

चमचेकाका आला, त्याने आखलेल्या ठिकाणी चमचा घातला, बाटल्या भरल्या, रोपांकडे पाहिलं, म्हणाला, “छान आहेत,” आणि गेला. काकूंनी तोवर भिंतींना रंग कुठला द्यायचा ते ठरवून टाकलं होतं. नवऱ्याने पंखे कुठे लावायचे त्याच्या खुणा केल्या. घरमालकिणीने लग्नाची तारीख धरली. आयांनी वर्गणी काढून घसरगुंडी बघून ठेवली होती.

निकाल घेऊन तो स्वतः आला तेव्हा काकूंना त्याचा चेहरा पाहूनच कळलं. पोरं झोपली होती, म्हणून दोघं दाराबाहेर पायरीवर बसली.

“सगळीकडे माती उत्तम आहे,” तो म्हणाला. “फक्त भिंतीकडेची एक जागा. तिथे शिसं आहे. थोडंथोडकं नाही, भरपूर.”

“पण तिथली माती तर तुमच्या लोकांनीच...”

“तेच तर मला कळत नाही. खालून वर येऊ शकत नाही इतकं.” त्याने गुडघ्यावरचा चिखल नखाने खरवडला. “नियमाने मी इथे ‘नापास’ लिहून विषय संपवायचा. वर्ष संपत आलंय, परत खणायला वेळ नाही. पुढचा अर्ज गोदामाचा आहे. पण लिहिण्याआधी म्हटलं तुम्हाला विचारावं. मधल्या दिवसांत कुणी बाहेरून माती आणली होती का? तसं असेल तर तेवढीच काढून पुन्हा तपासता येईल.”

काकूंना डोळ्यांपुढे दिसलं ते घमेलं, आणि कोपरापर्यंत माखलेले जाऊबाईंचे हात. एका शब्दात जागा वाचणार होती. पण त्या शब्दाची किंमत म्हणजे जाऊबाईंची बाग.

“मला... जरा विचारू द्या,” त्या म्हणाल्या.

तो उठला. “उद्या सकाळपर्यंत थांबतो,” म्हणाला. “त्यापुढे माझ्या हातात नाही.”

संध्याकाळी पोरं गेल्यावर काकू जाऊबाईंकडे गेल्या. कारखान्याची मागची भिंत तीच जाऊबाईंच्या परसाचीही मागची भिंत. इतकी वर्षं त्या परसात येऊन बसल्या असतील, पण भिंतीच्या पायथ्याचं ते भोक त्यांनी आज नीट पाहिलं. पावसात कारखान्याच्या अंगणातलं पाणी त्यातून यायचं, आणि जाऊबाईंनी हौसेने त्याला विटांचा पाट बांधून ते प्रत्येक आळ्यापर्यंत फिरवलं होतं. फुकटचं पाणी म्हणून त्या मिरवायच्याही. मुंगी त्या पाटाच्या कडेला बसून चिखलाचे गोळे करत होती. मधूनच तिने बोट तोंडात घातलं.

काकूंनी होईल तितक्या हळू आवाजात सगळं सांगितलं. जाऊबाई आधी ऐकत होत्या. मग त्यांच्या नाकपुड्या फुलल्या.

“म्हणजे माझ्या मातीत विष? हे तुझं सरकार म्हणतंय?”

“कुणी म्हणत नाहीये जाऊबाई. मला वाटतंय, एकदा तपासून...”

“अख्ख्या गल्लीला माझ्या हातचं खाऊ घातलं मी! बाळंतिणींना घातलं, म्हाताऱ्यांना घातलं. तुझ्या पाळणाघराला रोज टोपली येते ती काय विषाची? तुला जागा मिळेना, म्हणून आता माझ्या बागेवर घसरलीस?” त्यांचा आवाज इतका चढला, की शेजारची खिडकी उघडली आणि लगबगीने बंद झाली. “उद्या लोक म्हणतील, हिने सगळ्यांना विष चारलं. माझ्या दारात कुणी उभं राहील का?”

काकू घरून बरंच काही घोकून आल्या होत्या, जागेबद्दल, वर्ष संपण्याबद्दल, पोरांच्या आयांबद्दल. पण आता त्यांचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्या मुंगीकडे बघत होत्या. तिच्या फिकट गालांकडे, तोंडातल्या बोटाकडे. तिचं पोट, तिची किरकिर, गाणं चालू असताना कुठेतरी बघत बसणं, सगळं एका क्षणात त्यांच्या डोक्यात जुळलं.

“जाऊबाई,” त्या म्हणाल्या, “जागा जाऊ दे. गोदामवाल्याला जाऊ दे. तुम्ही मला काय हवं ते बोला. पण उद्या मुंगीचं रक्त तपासून घ्या. मी पाया पडते तुमच्या.”

जाऊबाईंनी नातीला कडेवर उचललं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

घरी येऊन काकू नवऱ्यापुढे मन मोकळं करून रडल्या. आभार मानायला त्या दिवशी त्यांना काही सापडेना. नवरा म्हणाला, “तू साहेबाला सांगून टाक ना.” काकूंनी मान हलवली. जे जाऊबाईंचं होतं ते जाऊबाईंनीच सांगायला हवं होतं. मुंगीच्या आईबापांना मात्र आपण सकाळी गाठायचंच, जाऊबाई जन्मभर बोलल्या नाहीत तरी चालेल, एवढं ठरवून त्यांनी दिवा मालवला.

सकाळी चमचेकाका फाटकाशी आला तेव्हा काकू आधीच तिथे उभ्या होत्या. काय सांगायचं, ते अजून त्यांना ठरवता आलं नव्हतं. तो काही विचारणार इतक्यात गल्लीच्या वळणावरून जाऊबाई येताना दिसल्या. केस नीट विंचरलेले, अंगावर बाहेर जायचे कपडे, आणि डोक्यावर घमेलं. एवढ्या वयाची बाई घमेलं घेऊन तरातरा चालत आली आणि तिने ते त्या माणसाच्या पायाशी ठेवलं. काळीभोर माती, वर एक गांडूळ वळवळत होतं.

“ही माझ्या परसातली,” त्या म्हणाल्या. “तपासणीच्या आदल्या दिवशी त्या रोपांना मीच घातली. हिला तुम्ही कुठलं ते पिस्तूल लावा.”

त्याने काकूंकडे पाहिलं, मग वाकला आणि यंत्र मातीला टेकवलं. पडद्यावर आकडा आला. तिघांपैकी फक्त त्यालाच त्याचा अर्थ कळत होता, पण त्याने तो मोठ्याने वाचला नाही, यावरूनच बाकीच्या दोघींना कळलं.

“लहान मूल आहे का घरात?” त्याने विचारलं.

“दवाखान्यात आहे,” जाऊबाई म्हणाल्या. “तिची आई घेऊन गेलीय. रात्रीच सांगितलं मी तिच्या आईबापांना.” आणि मग कुणाच्या ध्यानीमनी नसताना जाऊबाई फाटकाला टेकल्या आणि मटकन खालीच बसल्या. “गांडूळं आहेत हो तिच्यात,” त्या म्हणत राहिल्या. “गांडूळं आहेत, मग विष कसं असेल?”

चमचेकाका उकिडवा त्यांच्यासमोर बसला. “मातीचा दोष नाही, आजी,” तो म्हणाला. “तुमचाही नाही. भिंतीपलीकडून आलेलं आहे हे. आणि तुम्ही आणून दाखवलं नसतं, तर आम्हाला कधीच कळलं नसतं. आम्ही भिंतीपर्यंतच मोजत होतो.”

त्यानंतर जे झालं ते भराभर झालं. रोपांसकट ती माती काढून नेली आणि तिथे टेकडीवरची माती नव्याने घातली. चमचेकाकाने सुट्टीच्या दिवशी येऊन पुन्हा बाटली भरली आणि प्रयोगशाळेच्या दारात स्वतः ठाण मांडून बसला. वर्ष संपायला अगदी थोडे दिवस उरले असताना निकाल हाती आला. माती पास झाली. काकूंनी त्याचे इतके आभार मानले, की तो बिचारा चमचा विसरूनच पळाला.

मुंगीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. औषधं दिली, खाण्यापिण्याची पथ्यं सांगितली, आणि सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे त्या मातीला हात नाही. पाळणाघरातल्या सगळ्याच पोरांची तपासणी करून घेतली गेली. बाकीची ठीक निघाली, कारण त्यांच्या पोटात गेली ती नीट धुतलेली भाजी, आणि तीही थोडीथोडी. माती चाखण्याचा मान फक्त मुंगीचा होता. जागा हातची निसटत असताना काकूंना जे सुचलं, ते न सुचतं तर काय झालं असतं, हा विचार मुंगीच्या आईला मधूनच गाठायचा, आणि मग ती पोर सोडायला आली की काकूंचा हात बराच वेळ सोडायची नाही.

कारखान्यामुळे बिघडलेली शेजारची जमीनसुद्धा याच योजनेत बसते, असं चमचेकाकाने दाखवून दिलं. मग जाऊबाईंच्या परसात पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. पालक गेला, गाजरं गेली, घेवड्याचा मांडव गेला. जाऊबाई खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. भोक बुजवलं गेलं. वरून स्वच्छ, तांबूस मातीचा थर पसरला. पण जाऊबाईंनी तिच्यात काही लावलं नाही. खुरपं धुऊन, पुसून माळ्यावर टाकलं. गल्लीतल्या लोकांनी त्यांना विष चारणारी म्हटलं नाही. उलट कुणी ना कुणी सारखं येऊन बसायचं, एवढ्या वर्षांत खाल्लेल्या पालकाची आठवण काढायचं. जाऊबाईंना ते औषधासारखं कडू लागायचं. त्यांचं एकच काम उरलं होतं, मुंगी अंगणात पाय टाकायला लागली की ओरडायचं. “मातीला हात नाही! हात वर! दाखव हात!” पोर बिचारी हात वर करून चालायला शिकली.

पाळणाघर नव्या जागेत उघडलं. मोठ्या खिडक्या, घसरगुंडी, आणि दुपारी झोपायला एकेकाला ऐसपैस जागा. पहिल्या दिवशी काकूंनी फाटकाचे, भिंतींचे आणि पंख्यांचे आभार मानून झाल्यावर नवरा म्हणाला, “पंखे मी लावलेत.” मग त्याचेही मानले. सगळे आले होते, घरमालकीण नव्या सुनेला घेऊन आली होती. जाऊबाई आल्या, एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि लवकर निघून गेल्या.

काही दिवसांनी सकाळीच काकूंनी पाळणाघराच्या आवारातून घमेलंभर माती भरली. तिच्यात एक मोगऱ्याचं रोप ठेवलं, वाळूच्या जागेशेजारी त्यांनी रोपवाटिकेतून आणून लावलेल्या रांगेतलं. घमेलं डोक्यावर घ्यायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे कमरेवर धरून, दोनदा थांबून, त्या जाऊबाईंच्या परसात पोचल्या.

जाऊबाई पायरीवर बसल्या होत्या. मुंगी त्यांच्या शेजारी, दोन्ही हात मांडीवर ठेवून. गाल आता जरा भरले होते, आणि ती एक गाणं म्हणत होती, शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

“हे काय?” जाऊबाई म्हणाल्या.

“रोप आणलंय,” काकू म्हणाल्या. “तुमच्याकडे लावायला. आणि त्याच्या माहेरची माती.”

जाऊबाईंनी घमेल्याकडे पाहिलं. हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. “हिचा रिपोर्ट आहे का?”

काकूंना हसू आवरेना, पण त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून दिला. तो त्यांनी आणला होता म्हणजे त्या जाऊबाईंना ओळखत होत्या. जाऊबाईंनी तो उलगडला, चष्मा नसताना उगाच वरून खालपर्यंत पाहिला, आणि परत घडी घातली. त्यांचे ओठ हलत होते, पण इतक्या वर्षांत न वापरलेला शब्द सहज कुठून बाहेर यायचा?

मग त्यांनी नातीकडे वळून पाहिलं.

“मुंगे,” त्या म्हणाल्या, “ये. हात घाल.”

मुंगीने आधी मातीकडे पाहिलं, मग आजीच्या तोंडाकडे. तिचे हात सवयीने वर गेले होते.

“खरंच, आजी?”

“खरंच. दोन्ही हात. काकूने आणलीय ती.”

जाऊबाईंच्या तोंडून ‘काकू’ आलेलं काकूंनी पहिल्यांदाच ऐकलं. मुंगीने कोपरापर्यंत हात मातीत घातले.